कोपभवनातला उजेड

बुद्वार हा शब्द नागपूरकराच्या कानावर पहिल्यांदा पडला की त्याला 'बुधवार' ऐकू येतं. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी अशा वारांवर बाजार वसलेल्या गावात दुसरं काय ऐकू येणार! शब्द फ्रेंच आहे. 'बुदे' म्हणजे रुसणं, गाल फुगवून बसणं. अठराव्या शतकात तिथल्या मोठ्या घरांत बाईसाठी जी एक आतली, खासगी खोली असे, तिचं नाव बुद्वार पडलं. रुसण्याची खोली. आपल्याला ही खोली त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. मंथरेच्या सांगण्यावरून कैकेयी दागिने भिरकावते, मळकं वस्त्र नेसते आणि उघड्या जमिनीवर पडून राहते, ते क्रोधागार. कथाकीर्तनातून ते आपल्याकडे कोपभवन म्हणून आलं. तो प्रसंग मनात आणून बघा; लख्ख उजेडातली खोली कुणाच्याच डोळ्यांपुढे येणार नाही. 'बुद्वार फोटोग्राफी काळोखी का झाली' असा प्रश्न आज विचारला जातो, तेव्हा मला वाटतं की तो उलटा विचारायला हवा. मधली काही वर्षं ती इतकी उजळ कशी राहिली?

या नावानं आज जे ओळखलं जातं ते छायाचित्र साधारण असं असतं. एक बाई, तिची स्वतःची किंवा तिच्यासारखी एखादी खोली, पलंग, खिडकी, अंगावर मोजकं वस्त्र किंवा नुसतीच सैल साडी, आणि कॅमेऱ्याशी सलगी. बहुतेक वेळा पैसे ती स्वतः मोजते, आणि फोटो चारचौघांत लावायचे नसतात. एकेकाळी याचा साचा ठरलेला होता. पांढऱ्या चादरी, पांढरे पडदे, सकाळचं ऊन, सगळं दुधाळ. आता चौकटीचा बराचसा भाग काळा ठेवतात. त्यातून एक खांदा, गळ्याचं हाड, पाठीची पन्हळ, अर्धा ओठ एवढंच वर येतं. धंद्यात याला कुणी 'लो-की' म्हणतं, कुणी 'मूडी', कुणी नुसतंच 'डार्क'. नागपुरात अशी पाटी सहसा कुणी लावत नाही. काम 'पोर्ट्रेट' किंवा 'पर्सनल शूट' या नावाखाली होतं, आणि माझ्या पाहण्यात तरी त्याचा दरवाजा मॅटर्निटी शूटनं उघडला. डोहाळजेवणाला फुलांचा धनुष्यबाण आणि पुठ्ठ्याचा चंद्र लागतोच. पण त्याच आठवड्यात स्टुडिओत काळ्या पडद्यापुढे, पोटाच्या गोलाईवर एकच दिवा टाकून काढलेला फोटोही लागतो, आणि तो सासूबाईसुद्धा कौतुकानं पाहतात. तिथून पुढचं पाऊल फार लांबचं नाही.

या काळोखाबद्दल दोन मतं नेहमी ऐकू येतात. हे पाश्चात्त्यांचं अनुकरण आहे, हे पहिलं. दुसरं असं की आपल्या बायका लाजतात, म्हणून अंधार. पहिलं अर्धं खरं आहे आणि दुसरं मला मान्य नाही. या चित्रांत अंधार हिशेबनीसाचं काम करतो. किती दाखवायचं, कुणाला आणि कुणाच्या मर्जीनं, याची वही तो सांभाळतो. अशी वही ठेवण्याची सवय आपल्याला परदेशातून शिकावी लागलेली नाही.

आधी खोलीचं सांगते, कारण नागपुरात सगळं हवेपासून सुरू होतं.

२३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. तेवढं दर वर्षी होत नाही, पण पंचेचाळीसची कुणाला नवलाई नाही. अशा दिवसांत अकरा वाजले की घर बंद होतं. खिडक्या लावायच्या, जाड पडदे ओढायचे, उरलेल्या एका खिडकीत कुलर. वाळ्यावरून पाणी ठिबकत असतं, आत ओला वास, आणि दाराच्या फटीतून आलेली उन्हाची एक पट्टी फरशीवर इंचाइंचानं सरकत असते. माणसं त्या अंधारात पाय पसरतात, पदर सैल करतात, केस मोकळे सोडतात. युरोपच्या थंड देशांत उजेड म्हणजे ऊब आणि अंधार म्हणजे उदासी. विदर्भात अंधार म्हणजे गारवा. 'मूडी' हा शब्द इंग्रजीतून खिन्नतेची सावली घेऊन आला असेल. पण मे महिन्यातल्या दुपारी झाकलेल्या खोलीत पडलेली बाई आपल्याला खिन्न दिसत नाही, सुटलेली दिसते.

मागच्या मे महिन्यात एका मैत्रिणीनं मला सोबत म्हणून नेलं. धरमपेठेतला फ्लॅट, मागची बेडरूम, जेमतेम दहा बाय बाराची. मैत्रीण पन्नाशीला टेकलेली. छायाचित्रकार बाई तिच्या निम्म्या वयाची. मला वाटलं होतं, अंधाराचे फोटो म्हणजे दिवे मालवायचे आणि काढायचे. तसं नसतं. अशा लहान खोलीत खरी अडचण भिंतींची असते. फिक्या रंगाची भिंत उजेड परत फेकते, आणि सावली कधी काळी होतच नाही, राखाडीच राहते. त्या मुलीनं आल्या आल्या घरात एखादी घोंगडी आहे का विचारलं. होती, कपाटावर, सासरच्या गावाहून आलेली. ती तिनं खिडकीच्या समोरच्या बाजूला दोन खुर्च्यांवर पसरली. उजेड पिऊन टाकणारी काळी भिंत झाली. मग पडद्याला वीतभर फट ठेवली आणि मैत्रिणीला खिडकीच्या अगदी जवळ बसवलं.

जवळ का, याचं उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो, चौपट केलं की सोळावा हिस्सा. दिवा खांद्यापासून दोन फुटांवर असेल आणि मागची भिंत दिव्यापासून आठ फुटांवर, तर भिंतीला खांद्याच्या एक-सोळांश उजेड मिळतो. कॅमेऱ्याच्या हिशेबात हा चार स्टॉपचा फरक. खांदा नीट उजळला की भिंत, तिच्यावरचं कॅलेंडर, कपाटाचं हँडल, औषधांचा डबा, सगळं आपोआप बुडतं. खिडकीचा उजेड इतक्या झपाट्यानं पडत नाही, पण फट अरुंद आणि माणूस जवळ असला की परिणाम तसाच. मध्यमवर्गीय घरात बुद्वार करायचं तर अंधारासारखा स्वस्त नेपथ्यकार नाही. पांढऱ्या दुधाळ शैलीला मोठ्या खिडक्यांचं, रिकाम्या भिंतींचं, पसारा नसलेलं घर लागतं. ते किती जणींकडे असतं?

कॅमेरा या कामात मदत करत नाही, उलट भांडतो. समोरचं जग सरासरी राखाडी आहे, अशा समजुतीनं त्याचं मीटर बनवलेलं असतं. काळोखी खोली दिसली की तो ती उजळवायला धावतो, आणि काळा रंग मळकट होतो. म्हणून हातानं एक्स्पोजर एक-दोन स्टॉप खाली ओढायचं, आणि सगळ्यात उजळ जागा, म्हणजे कपाळ किंवा खांद्याचा गोल, तेवढीच शाबूत राहील एवढं बघायचं. चेहऱ्याची कॅमेऱ्याकडची बाजू सावलीत आणि पलीकडची उजेडात ठेवली की चेहरा निमुळता दिसतो. हातापायांना थोडं खोबरेल लावलं की कडेकडेनं प्रकाशाची रेघ धरते. मैत्रिणीनं तेलाची बाटली पाहून 'केसांना लावू का?' विचारलं आणि खोलीतला ताण उतरला.

आता या अंधाराच्या जुन्या घरांकडे. नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवर रामटेक आहे. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं संशोधक वा. वि. मिराशींनी साधार मांडलं आणि विदर्भानं ते मनापासून स्वीकारलं. उत्तरमेघात यक्ष आपल्या बायकोची खोली ढगाला वर्णून सांगतो. ती विरहाच्या शय्येवर एका कुशीवर पडलेली आहे, अंगावर दागिने नाहीत, केसांची एकच वेणी, न विंचरलेली. जाळीतून चांदणं आत येतं, सवयीनं ती तिकडे बघते आणि लगेच नजर वळवून पाणावलेले डोळे झाकून घेते. छायाचित्रकारांच्या भाषेत हे सांगायचं तर एकच प्रकाशस्रोत, बाजूनं, जाळीतून गाळलेला, उरलेली खोली काळोखात. ढगाला दिलेला तो निरोप एका फ्रेमचा आराखडा आहे असं वाटावं, इतका नेमका. वाकाटकांची नंदिवर्धन ही राजधानीही रामटेकजवळचीच, आजचं नगरधन. त्याच घराण्याच्या वत्सगुल्म शाखेच्या, म्हणजे आजच्या वाशीमच्या, हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची सोळा आणि सतरा क्रमांकांची लेणी झाली. सतराव्या लेण्यात आरशात बघत शृंगार करणारी राजस्त्री आहे, भोवती दासी. खोल लेण्याच्या अंधारात, बाहेरून परतून आलेल्या ऊनसावलीत बघण्याचं चित्र ते. पूर्वी वाटाडे आरशानं ऊन आत फेकून ही चित्रं दाखवत. चित्र एकदम उजळायचं, आणि आरसा हलला की पुन्हा बुडायचं.

नाट्यशास्त्रानं नायिकांच्या आठ अवस्था सांगितल्या आहेत. मोजून पाहा. त्यातल्या विरहोत्कंठिता, कलहांतरिता, खंडिता, विप्रलब्धा आणि प्रोषितभर्तृका या पाच जणी वाट बघणाऱ्या, चिडलेल्या, फसवल्या गेलेल्या किंवा पस्तावलेल्या आहेत. सहावी अभिसारिका रात्रीच्या अंधारातून निघालेली. शृंगार म्हटला की हसरा चेहरा, ही कल्पना कॅलेंडरांनी आणि साबणाच्या जाहिरातींनी रुजवली. शास्त्राला रुसलेली, न हसणारी, पाठ फिरवून बसलेली बाईच अधिक रंगीत वाटत होती.

विसाव्या शतकातल्या मराठी चित्रकलेनं रात्रीच्या बाईला एक अट घातली, असं मला दिसतं. तिच्या हातात दिवा हवा. सावंतवाडीकडच्या सावळाराम हळदणकरांचं जलरंगातलं प्रसिद्ध चित्र आठवा. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि बोटांमधून झिरपणारा लालसर उजेड. १९४०च्या दशकातलं हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, आणि अजूनही कित्येक घरांत ते रवि वर्म्याचं म्हणून सांगितलं जातं. त्यासाठी उभी राहिली ती चित्रकाराची मुलगी. लो-की प्रकाशाचा याहून चांगला धडा मराठी चित्रकलेत मला तरी माहीत नाही, आणि तो पूर्ण सात्त्विक आहे. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकरांच्या स्त्रिया अशाच पणत्या घेऊन वर्षानुवर्षं उभ्या राहिल्या. दिवा हातात असला की अंधार पवित्र होतो. ती कुणासाठी तरी उजेड घेऊन चाललेली असते. बुद्वारनं केलं ते एवढंच. दिवा तिच्या हातातून काढून घेतला आणि बाजूला ठेवला. आता ती उजेड वाहून नेत नाही, स्वतःच त्यात बसते. एवढ्या एका बदलानं लोक केवढे अस्वस्थ होतात!

सिनेमानं ही भाषा लवकर उचलली. शांतारामबापूंनी जर्मन चित्रपटांतला तीव्र छायाप्रकाश 'प्रभात'मध्ये आणला, 'अमृतमंथन'मध्ये १९३४ साली. पण तो काळोख भीतीचा होता, त्यातल्या राजगुरूच्या डोळ्याचा. स्थिर छायाचित्रात मराठी सौंदर्यदृष्टी पुढे घडवली गौतम राजाध्यक्षांनी, आणि ती नेमकी उलट दिशेची. मऊ, पसरलेला, चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ माफ करणारा उजेड. १९९७ सालचं त्यांचं 'फेसेस' हे पुस्तक चाळताना जाणवतं की एका पिढीसाठी सुंदर दिसणं म्हणजे त्या प्रकाशात दिसणं होतं. आजच्या काळोखी शैलीत त्या माफीला नकार आहे, असंही वाचता येतं.

नागपूरचा या सगळ्याशी सर्वांत ठळक धागा मात्र एका खटल्यातून जातो. मधू सप्रे मूळची नागपूरची, १९७१चा जन्म. धावपट्टीवर वाढलेली मुलगी. १९९२ साली मिस इंडिया झाली आणि त्याच वर्षी बँकॉकच्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत तिसरी आली. शेवटच्या फेरीत देशाची प्रमुख झालीस तर काय करशील, असं विचारल्यावर तिनं क्रीडासंकुल बांधण्याची गोष्ट केली, आणि याच उत्तरानं मुकुट गेला, असं लोक आजही सांगतात. गरिबी हटवीन म्हणाली असती तर चाललं असतं. मला ते उत्तर फार आवडतं; खेळलेल्या अंगाचं उत्तर आहे ते. तीन वर्षांनी, १९९५ साली, टफ बुटांची जाहिरात आली. मधू सप्रे आणि मिलिंद सोमण, दोघंही विवस्त्र, पायात फक्त बूट, आणि दोघांभोवती अजगर. छायाचित्र काळंपांढरं होतं आणि काढणारे होते प्रबुद्ध दासगुप्ता.

गदारोळ झाला. मुंबई पोलिसांनी अश्लीलतेचा गुन्हा नोंदवला. अजगर वापरला म्हणून वन्यजीव संरक्षण कायद्याखालीही प्रकरण झालं. निकाल लागायला २००९ उजाडलं. चौदा वर्षांनी सगळे निर्दोष सुटले. रामाचा वनवास तेवढाच होता, असं तेव्हा कुणीतरी म्हटलं असणारच.

ते छायाचित्र आज शांतपणे पाहिलं तर जाणवतं की त्यात दिसतं फारच थोडं. दोन शरीरं एकमेकांना झाकतात आणि उरलेलं काम अजगर करतो. राग दिसण्याचा नव्हताच. दोघांच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नाही, पळून जाण्याची घाई नाही, ते खुपलं असावं. आणि मॉडेलांमधली बाई ही सप्रे आडनावाची नागपूरची मुलगी होती, हे मराठी घरांत जरा जास्तच खुपलं. कुण्या परक्या नावाची असती तर पान उलटलं असतं. दासगुप्तांचं 'विमेन' हे पुस्तक पुढच्याच वर्षी, १९९६ साली आलं. शहरी भारतीय स्त्रियांची काळीपांढरी, बरीचशी विवस्त्र छायाचित्रं त्यात आहेत. जाहिरातीसारखं विकण्याजोगं तिथे काही नव्हतं. भारतीय बुद्वारचा इतिहास कुणी लिहिला तर त्याचं पहिलं प्रकरण या दोन वर्षांचं असेल, असं मला वाटतं. दासगुप्ता २०१२ साली अलिबागला वारले.

कायद्याचाही एक प्रवास आहे, आणि तो याच्या बराच आधी सुरू होतो. १९६४ साली रणजित उदेशी या मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं व्हिक्टोरियन इंग्लंडची हिक्लिन कसोटी उचलून धरली होती: चंचल मनाच्या माणसाला बिघडवेल ते अश्लील. त्याच्या दहा वर्षं आधी जहांगीर कलादालनातल्या प्रदर्शनातल्या चित्रांवरून चित्रकार अकबर पदमसींना अटक झाली होती, आणि ते सुटले होते. २०१४ साली अविक सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हिक्लिन बाजूला ठेवून समाजाच्या समकालीन मापाची कसोटी घेतली. तो खटला टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याच्या होणाऱ्या बायकोच्या विवस्त्र छायाचित्राचा होता, आणि गंमत म्हणजे ते तिच्या वडिलांनी काढलेलं होतं. २०२४च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयानं सीमाशुल्क खात्यानं अडवलेली सूझा आणि पदमसी यांची चित्रं सोडवली, तेव्हाही नग्न म्हणजे अश्लील हे समीकरण फेटाळलं. आणि मधल्या काळात, २०१७ साली, रवी जाधव यांचा 'न्यूड' हा चित्रपट गोव्याच्या महोत्सवाच्या यादीतून काढला गेला होता. जे. जे.मध्ये चित्रकारांपुढे बसणाऱ्या बाईची ती गोष्ट. नंतर तो प्रदर्शित झाला. न्यायालय पुढे जातं, समित्या मागे राहतात, असं काहीसं.

पण मागच्या बेडरूममध्ये स्वतःच्या पैशानं फोटो काढून घेणाऱ्या बाईला अश्लीलतेच्या कलमाची भीती नसते. तिला भीती असते शेजारच्या वहिनीच्या मोबाइलची. तिथे अंधार उपयोगी पडतो, असं ती समजते. चेहरा सावलीत, वळलेला, केसांआड. पाठीवरून कोण ओळखणार? ही युक्ती नवी नाही. न्यू ऑर्लिन्सच्या वेश्यावस्तीत ई. जे. बेलॉकनं १९१२च्या सुमारास बायकांची छायाचित्रं काढली, त्यांच्या खोल्यांत, त्यांच्या पलंगांवर, विलक्षण मायेनं. त्यातल्या काही काचांवरचे चेहरे नंतर खरवडलेले आढळले. कुणी खरवडले, याबद्दल तर्क चालतात. इकडे १८९२ साली राजा दीनदयाळांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका गोऱ्या बाईच्या हाती सोपवला. आत पुरुषाला मज्जाव. चेहरा खरवडणं, स्त्री छायाचित्रकार आणि सावली, तिन्ही एकाच प्रश्नाची उत्तरं आहेत. आजही पहिला फोन येतो तो 'लेडी फोटोग्राफर आहे का?' एवढाच.

सावलीवर मात्र विसंबू नये. का, ते त्या दुपारी मला कळलं. चांगला कॅमेरा रॉ फाइल साठवतो, म्हणजे संवेदकावर पडलेला सगळा उजेड, न कापलेला. स्क्रीनवर गडद काळी दिसणारी जागा त्या फाइलीत बहुतेक वेळा काळी नसतेच. संगणकावर एक पट्टी उजवीकडे सरकवली की चार स्टॉप खालचा चेहरा, भिंत, कपाटावरचं नाव, सगळं वर येतं, थोड्या दाण्यांसकट. अंधार फक्त शेवटच्या प्रतीत असतो. मूळ फाइलीत दिवस असतो. त्यामुळे कुठला दिवा वापरला यापेक्षा कार्ड कुणाकडे राहिलं, हा प्रश्न मोठा. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी पसरवलं गेलेलं असं खासगी चित्र तक्रारीनंतर चोवीस तासांत हटवण्याची जबाबदारी समाजमाध्यमांवर टाकली. भारतीय न्याय संहितेच्या ७७व्या कलमातलं स्पष्टीकरण तर या धंद्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. फोटो काढायला संमती दिली म्हणजे तो पसरवायला दिली असं होत नाही, आणि पसरवणं हा स्वतंत्र गुन्हा. हे वाक्य छापील करारात मराठीत असावं. मी पाहिलेले करार इंग्रजीत होते आणि बायका ते न वाचता सही करतात.

काळोखी शैलीनं एक गोष्ट मात्र निर्विवाद दिली आहे, आणि ती रंगाची. रंगीत फिल्म बनवणाऱ्या कोडॅकनं अनेक वर्षं रंग जुळवण्यासाठी गोऱ्या बाईचं कार्ड वापरलं. 'शर्ली' म्हणत तिला. काळ्यासावळ्या कातडीचे बारकावे फिल्मला नीट पकडता येत नसत. सुधारणा झाली ती चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्यांच्या तक्रारींमुळे, असं त्या कंपनीतल्या लोकांनीच नंतर सांगितलं. आपल्याकडच्या स्टुडिओंनी तर रंग उजळवणं ही सेवाच मानली. लग्नाच्या अल्बममधली नवरी तिच्या आईला ओळखू येऊ नये इतकी गोरी. १९७५ साली बाजारात आलेल्या क्रीमनं नावातला 'फेअर' काढला तो २०२० साली. अशा प्रदेशात, जिथे स्थळाच्या जाहिरातीत 'गोरी' अजून छापलं जातं आणि आरती मात्र सावळ्या विठ्ठलाची होते, तिथे सावळ्या खांद्यावर तेलाची एक सोनेरी रेघ धरून बाकी काळं सोडणारं छायाचित्र हा नुसता फॅशनचा विषय नाही. उजळ, दुधाळ शैलीत सावळा रंग मागे पडतो किंवा धुऊन निघतो. काळोखात तोच तळ होतो आणि उजेड त्यावर बसतो. माझ्या मैत्रिणीला आयुष्यभर 'नाकीडोळी छान आहे पण...' म्हणत आले लोक. ते 'आहे पण' कशाबद्दल असतं, आपल्याला ठाऊक आहे.

तक्रारीही आहेत. या शैलीचा साचा झाला आहे. विकत मिळणारे प्रीसेट एका बटणात काळे रंग दाबतात, कातडी तांब्यासारखी करतात आणि हिरवा मारून टाकतात. मग नागपूरची खोली आणि प्रागची खोली एकसारखी दिसते. जिथे प्रकाश समजलेला नाही तिथे अंधार ओतून चूक झाकतात. भाजी करपली की मसाला वाढवतात तसं. त्याहून खोल तक्रार अशी की काळोख पोटाची वळी, सिझेरियनचा व्रण, दंडाची सैल कातडी लपवायचंच वचन देतो. म्हणजे अंगाबद्दलची जुनी लाज नव्या, कलात्मक नावानं परत. काही छायाचित्रकार मुद्दाम व्रणावरच तिरका उजेड टाकतात. मला ते दरवेळी आवडत नाही, त्यातही एक प्रदर्शन असतं. पण निदान तिथे अंधारानं काय झाकायचं हे विचारून ठरलेलं असतं.

आणि मेघदूतातल्या त्या खोलीचंही एक आहेच. इतकं सुंदर वर्णन करणारा यक्ष तिथे नव्हता. आपल्या अलकानगरीपासून दूर बसून त्यानं तिला कल्पनेत बघितलं, तिच्या अंगावर चांदणं पाडलं, नजर वळवायला लावली, आणि सगळं ढगाला सांगून टाकलं. तिला कुणी विचारलं नाही.

त्या दुपारी कार्ड बदलण्याआधी छायाचित्रकार मुलीनं कॅमेऱ्याची मागची स्क्रीन मैत्रिणीपुढे धरली. पहिल्या काही फ्रेम बघताना ही म्हणत होती, पोट अंधारात जाऊ दे, हनुवटी जाऊ दे, हे नको, ते नको. मुलगी तसं करत होती, न बोलता. चार वाजत आले होते. कुलर बंद ठेवल्यामुळे खोली तापायला लागली होती आणि आम्ही तिघीही घामाघूम. शेवटून दुसऱ्या की तिसऱ्या फ्रेमवर ही थांबली. पाठमोरी होती त्यात, मान अर्धी वळलेली, सोडलेल्या केसांत पांढरी बट, गालावर उजेड नाहीच. बराच वेळ बघत बसली. मग उठून खिडकीशी गेली आणि पडदा स्वतःच्या हातानं आणखी वीतभर सरकवला.

'आता काढ,' म्हणाली.